ब्रोलिओचा सरदार आणि आमचा अर्धेल

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मुलीकडे म्युनिकला जाऊन आले, तेव्हापासून हा लेख डोक्यात होता. दोनदा लिहायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला. का ते पुढे कळेलच.

इटलीचे एकीकरण हा धडा मी शाळेत तीस-एकतीस वर्षे शिकवला. पुस्तके बदलली, इयत्ता बदलल्या, पण मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर हे त्रिकूट काही बदलले नाही. एक आत्मा, एक तलवार, एक मेंदू, असे मुले उत्तरपत्रिकेत डोळे मिटून लिहीत. मराठी माणसाला ही नावे तशी घरचीच. सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला तो १९०७ साली, आणि इंग्रज सरकारने तो जप्त केला, हेही मी त्याच तासाला सांगत असे. मग १८६१ मध्ये इटलीचे राज्य जाहीर होई, काव्हूर त्याच वर्षी जूनमध्ये वारे आणि घंटाही साधारण त्याच सुमारास होई.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, "बाई, मग काव्हूरच्या नंतर कोण?" मी म्हटले, "ते परीक्षेला नाही." शिक्षकाने देऊ नये असे हे उत्तर. पण दिले खरे.

त्या प्रश्नाचे उत्तर मला २०२२ च्या ऑक्टोबरात मिळाले, आणि तेही एका द्राक्षमळ्यात.

मुलगी आणि जावई सुट्टी काढून मला तोस्कानात घेऊन गेले होते. फ्लॉरेन्स झाले, सिएना झाले. चर्चच्या पायऱ्या चढून माझे गुडघे बोलायला लागले. तेव्हा जावई म्हणाले, "आई, आता एक दिवस नुसते खेड्यापाड्यातून हिंडू. एक किल्ला आहे, तिथेच वाईनही करतात." मी म्हटले, किल्ला मी बघते, वाईन तुम्ही बघा.

सिएनाच्या ईशान्येला वीस-पंचवीस किलोमीटरवर गायोले नावाचे गाव आहे. त्याच्या हद्दीत ब्रोलिओचा किल्ला आहे. रस्ता सगळा वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना ओकची झाडी, मध्येच उतारावर द्राक्षांच्या रांगा, मध्येच चंदेरी पानांची ऑलिव्हची झाडे. आमच्या कोकणातल्या रस्त्यांची आठवण यावी अशी वळणे. फक्त लाल मातीच्या जागी पांढुरकी दगडगोट्यांची माती. पायथ्याशी गाडी लावायची आणि सुरूच्या उंच झाडांतून वर चढायचे. (सुरू म्हणजे सायप्रस. त्यांचा सुरू आपल्या समुद्रकाठच्या सुरूहून वेगळा, पण फारसी कवितेतला सुरू तोच.)

आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाला युरोपातले किल्ले जरा बाहुल्यांच्या घरासारखे वाटतात. ब्रोलिओचा तट मात्र तसा नाही. जाड, उतरत्या भिंतीचा, कोपऱ्याकोपऱ्याला बुरूज पुढे काढलेला. त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना ही दोन नगरराज्ये शेकडो वर्षे एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि ब्रोलिओ नेमके त्यांच्या सीमेवर. रिकासोली घराण्याकडे हा किल्ला ११४१ मध्ये आला. घराणे फ्लॉरेन्सच्या बाजूचे आणि किल्ल्यावरून दिसते सिएना. हवा स्वच्छ असेल तर तिथले मनोरे अजूनही तटावरून दिसतात. आम्हालाही दिसले. १४७८ मध्ये सिएना आणि नेपल्सच्या फौजांनी किल्ला पाडला. पुढे फ्लॉरेन्सने तो परत बांधला तेव्हा तोफांचा जमाना आला होता, म्हणून हे बुरूज असे. दुसऱ्या महायुद्धातही इथे गोळे पडले. भिंतीवरचे व्रण दाखवतात.

आतला वाडा मात्र अगदी वेगळा, लालभडक विटांचा. जुन्या करड्या दगडी तटात हा लाल वाडा एखाद्या म्हाताऱ्याने नवा फेटा बांधावा तसा दिसतो. तो एकोणिसाव्या शतकातला. बांधणाऱ्याचे नाव बेत्तिनो रिकासोली, आणि काव्हूरनंतर इटलीचा पंतप्रधान झालेला माणूस तो हाच.

वाडा दाखवणारी मुलगी हे सहज बोलून गेली आणि मी तिथेच थबकले. मुलीने विचारले, "आई, दमलीस का?" मी म्हटले, "नाही गं, मागच्या बाकावरचा एक मुलगा आठवला."

आता या बेत्तिनोविषयी थोडे सांगते, कारण माणूस विलक्षण आहे. जन्म १८०९ चा, फ्लॉरेन्समधला. आईवडील लवकर गेले. मागे राहिले मोठे नाव, मोठी जमीन आणि त्याहून मोठे कर्ज. अठराव्या वर्षी त्याला सरकारी हुकुमाने सज्ञान ठरवण्यात आले, म्हणजे धाकट्या भावांचे आणि मालमत्तेचे पाहायला घरात कोणीतरी असावे. ज्या वयात सरदारांची पोरे फ्लॉरेन्सच्या नाचगाण्यांत रमत, त्या वयात हा खतावण्या तपासत बसला होता. १८३० मध्ये लग्न केले. पुढे बायकोमुलीला घेऊन या आडरानातल्या किल्ल्यात येऊन राहिला. याविषयी एक आख्यायिका सगळे सांगतात. एका मेजवानीत बायको एका तरुणाबरोबर जरा जास्त वेळ नाचली, तेव्हा याने तिला तशीच घोडागाडीत बसवले, थेट ब्रोलिओला आणले आणि कायमचे इथेच ठेवले. खरे-खोटे देव जाणे. पण आख्यायिका उगीच कोणाला चिकटत नाहीत. लोक त्याला 'लोखंडी सरदार' म्हणत. अजूनही त्याचे भूत घोड्यावरून फिरते म्हणे. मुलगी म्हणाली, "हिशेब तपासायला येत असेल."

राजकारणात तो आला १८४७-४८ च्या सुमारास. वर्तमानपत्र काढले, फ्लॉरेन्सचा नगरप्रमुख झाला. १८५९ च्या एप्रिलमध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक राज्य सोडून निघून गेला आणि थोड्याच काळात तोस्कानाची सूत्रे रिकासोलीच्या हातात आली. आजूबाजूला मोठमोठे मुत्सद्दी होते. फ्रान्सच्या सम्राटाच्या मनात तोस्काना वेगळे ठेवायचे होते. हा हटला नाही. तोस्काना पीदमाँतच्या राजाला जोडायचे म्हणजे जोडायचे. १८६० च्या मार्चमध्ये सार्वमत झाले, ३,६६,५७१ मते जोडण्याच्या बाजूने आणि १४,९२५ वेगळे राहण्याच्या बाजूने. पुढे १८६१-६२ आणि १८६६-६७ असा दोनदा पंतप्रधान. दोन्ही वेळा फार काळ टिकला नाही. वाकता येत नसे. मग परत ब्रोलिओ, परत द्राक्षे. १८८० मध्ये इथेच वारला.

द्राक्षांचे सांगायचे राहिलेच. कियांती नावाची वाईन आज जगभर प्रसिद्ध आहे, तिची घडण याच माणसाने बसवली. तीस-चाळीस वर्षे तो प्रयोग करत होता. फ्रान्सला जाऊन तिथल्या पद्धती पाहून आला. रसायनशास्त्राचा नाद होता. त्याची उपकरणे आणि खनिजांचा संग्रह किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवला आहे. अखेर १८७२ मध्ये त्याने पिसा विद्यापीठातल्या स्तुदियाती नावाच्या प्राध्यापकांना एक पत्र लिहिले आणि त्यात आपला निष्कर्ष सांगितला. सांजोव्हेजे नावाचे काळे द्राक्ष मुख्य, कारण वास आणि जोम त्याचा. कानाइओलो नावाचे दुसरे काळे द्राक्ष त्याचा करकरीतपणा मऊ करायला. आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष रोजच्या, लवकर पिऊन टाकायच्या वाईनपुरते. वर्षानुवर्षे मुरवायची असेल तर पांढरे नको. आमटीला चिंचगुळाचे प्रमाण सांगावे तितके साधे.

आणि गंमत पाहा. १९६७ मध्ये सरकारने कियांतीचे नियम केले तेव्हा पांढरी द्राक्षे दहा ते तीस टक्के घातलीच पाहिजेत असे ठरवले! गुरूने सांगितलेला अपवाद शिष्यांनी नियम करून टाकला. इथल्या, म्हणजे 'कियांती क्लासिको'च्या नियमांतून पांढरी द्राक्षे पूर्ण काढून टाकली ती २००६ पासून. मास्तर होऊन तीन पिढ्या उलटल्यावर मास्तरांचे म्हणणे कळले म्हणायचे.

पांढऱ्या द्राक्षांचा इतका मोह का, असे मी त्या मुलीला विचारले. शिक्षकी खोड, दुसरे काय. ती म्हणाली, पांढऱ्याचा रस जास्त निघतो. आणि शिवाय इथली शेती मेझ्झाद्रियाची होती ना.

"म्हणजे काय?"

तिने हाताने हवेत एक रेघ मारली आणि म्हणाली, "निम्मे मालकाचे, निम्मे कसणाऱ्याचे."

आता कोकणातल्या वाचकांना मी पुढचे सांगायला नको. हा आपला अर्धेल! शब्दसुद्धा तसाच. त्यांच्या भाषेत 'मेत्झो' म्हणजे अर्धा, त्यावरून मेझ्झाद्रिया. मी इतक्या लांब आले, आणि इथे गावच्या खळ्यातला शब्द दुसऱ्या भाषेत उभा.

पुढचा अर्धा तास मी त्या बिचाऱ्या मुलीला सोडले नाही, आणि घरी आल्यावर मिळेल ते वाचत सुटले. पद्धत अशी होती. जमीन मालकाची, त्यावरचे दगडी घरही मालकाचे. तोस्कानाच्या चित्रांत टेकडीवर एकेकटी सुरेख घरे दिसतात, ती बहुतेक या कुळांची. एका घराला एक जमिनीचा तुकडा जोडलेला, त्यावर एक मोठे एकत्र कुटुंब. करार वर्षाचा. खर्च निम्मा-निम्मा, पीक निम्मे-निम्मे, गहू, तेल, वाईन सगळेच. शिवाय सणावाराला मालकाच्या घरी कोंबडे आणि अंडी पोचवायची. मालकाचा कारभारी वहीत जमाखर्च लिहायचा. घरात लग्न करायचे तर मालकाची संमती लागे, कारण माणसे किती आणि जमीन किती याचा हिशेब त्याला ठेवायचा असे. माणसे कमी पडली किंवा जास्त झाली की वर्षअखेर जागा सोडायची नोटीस येऊ शकत असे.

कुळाला आधी पोटाचे पाहायचे असते. म्हणून तो गव्हाच्या शेतातच झाडांवर द्राक्षवेल चढवायचा, मध्ये ऑलिव्ह लावायचा, सगळे एकात एक. द्राक्षे चांगली की वाईट यापेक्षा किती पिंपे भरली हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण निम्मे जाणारच. आणि मालकाला हवी उत्तम वाईन, म्हणजे नुसती द्राक्षांची लावणी आणि पाच-दहा वर्षांचा धीर. पाच-दहा वर्षे थांबायला ज्याच्या कणगीत दाणे आहेत तोच थांबणार! रिकासोलीने १८४३ मध्ये ब्रोलिओच्या शेतीचे नियम केले ते याच ओढाताणीतून. वेल कसे छाटायचे, खत कसे घालायचे, सगळे ठरवून दिले. एवढेच नव्हे, कुळांना लिहायला-वाचायला शिकवावे, त्यांनी देवाधर्माने वागावे, दारू-जुगारापासून दूर राहावे, याकडेही त्याचे बारीक लक्ष. स्वतः तो अत्यंत धार्मिक होता. कुळांना जमवून नीतीचे पाठ देई. हे सगळे ढोंग होते असे मला वाटत नाही. त्याला खरेच वाटत असे की मालक हा कुळांचा पालक आहे.

फ्लॉरेन्सला जॉर्जोफिली नावाची शेतीविषयक विद्वत्सभा आहे, १७५३ मध्ये स्थापन झालेली. तोस्कानाचे जमीनदार तिथे जमून निबंध वाचत. रिकासोलीही तिचा सभासद होता. मेझ्झाद्रिया टिकवावी की नको यावर तिथे वर्षानुवर्षे चर्चा झाल्या आणि बहुतेकांचे मत टिकवावी असेच. का, तर या पद्धतीत मालक आणि कसणारा यांचे हित एकच असते, म्हणून इथे दंगे होत नाहीत. फ्रान्समध्ये क्रांती होते, आपल्याकडे द्राक्षे पिकतात.

आणि आता ते सार्वमत परत पाहा. एकवीस वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मत होते. त्यातले कितीतरी कूळ. जमीनदार आणि त्यांचे कारभारी आपापली कुळे रांगेने मतदानाला घेऊन गेले, असे इतिहासकार लिहितात. मत पडले, इटली झाली. पण १८६१ मध्ये संसदेची निवडणूक झाली तेव्हा मताचा अधिकार होता शंभरात जेमतेम दोघांना. रांगेतली कुळे आपापल्या गव्हाकडे परत गेली. एकीकरण झाले त्या दिवशी निम्मे द्यायचे होते, आणि त्यानंतर शंभर वर्षे निम्मेच द्यायचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोर्चे निघाले, संप झाले, आणि त्यातून १९४७ पर्यंत कुळांचा वाटा किती वाढला? त्रेपन्न टक्के. पन्नासाचे त्रेपन्न. नवीन करार करायला बंदी आली १९६४ च्या कायद्याने. तोपर्यंत निम्मी घरे तशीही ओस पडली होती. तरुण पोरे कारखान्यांत गेली. सुरेख दगडी घरे पुढे परदेशी पाहुण्यांनी विकत घेतली.

माझ्या धड्यात यातले काही नव्हते.

वाड्यातून बाहेर आल्यावर आम्ही खाली वाईन चाखायच्या जागी गेलो. जमीन आजही बाराशे हेक्टर आहे, त्यात द्राक्षे सुमारे दोनशे चाळीस हेक्टर. मधल्या काळात वाईनचा धंदा परदेशी कंपनीकडे गेला होता, तो आताच्या वारसदारांनी १९९३ मध्ये परत घेतला. मी घोटभर चाखली, खोटे कशाला सांगू. कच्च्या जांभळासारखी जीभ धरते. जावई म्हणाले, यात चेरीचा वास आहे, चामड्याचा वास आहे. चामड्याचा वास यावा म्हणून लोक पैसे देतात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले :) मी आपली ऑलिव्ह तेलाची एक बाटली घेतली.

इथवर लिहून मी हा लेख पहिल्यांदा थांबवला होता.

आमच्या घरातले जे हे वाचतात (दादा, माई, पुण्याची मंडळी) त्यांना मी कशाकडे येते आहे ते कळले असेल. आमचे आजोबा खोत होते. राजापूर तालुक्यातले एक लहान गाव, तिथली खोती. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते, आणि कुळांना त्याने फारसा फरक पडत नसे. भाताच्या जमिनीला अर्धेल, म्हणजे निम्मे. शिवाय पेंढा, काकड्या, भोपळे, आणि खोताच्या घरची कामे. डॉक्टर आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. आमच्या घरात त्याचा उल्लेख कधी ऐकला नाही. खोती कायद्याने गेली १९४९ मध्ये. जमिनी मात्र आजोबांच्या नावावर होत्या आणि कुळे त्या कसत होती.

आजोबा कसे होते? पहाटे उठून थंड पाण्याने अंघोळ, खोटे बोललेले चालत नसे, गावच्या शाळेला जागा त्यांनी दिली. त्याच शाळेत मी शिकले, आणि शिक्षिका व्हायचे तिथेच ठरवले. घरात सांगतात, आणि ते खरे आहे, की आजोबांनी मापात कधी पाप केले नाही. पायली घासून सारखी करायची लाकडी पट्टी ते स्वतः हातात धरत. वाड्यातल्या त्या लोखंडी सरदाराच्या तसबिरीपुढे उभी राहिले तेव्हा मला मिशीखालचे ते घट्ट मिटलेले ओठ ओळखीचे वाटले होते. मी मुलीला तसे बोललेसुद्धा. ती हसली.

मळणी मला आठवते. मी सात वर्षांची असेन. खळ्यात भाताची रास, तात्या (आमचे कूळ, आम्ही त्यांना तात्याच म्हणायचो) उकिडवे बसून पायली भरत आहेत आणि मोठ्याने मोजत आहेत. एक पायली या बाजूला, एक त्या बाजूला. मला ती लय फार आवडायची. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. मळणीच्या दिवसांत ती शाळेत नसायची, आणि चौथीनंतर आलीच नाही.

म्युनिकहून परत आल्यावर मी दादाला फोन केला. आजोबांच्या वह्या गावच्या घरी माळ्यावरच्या पेटीत आहेत हे मला माहीत होते. म्हटले, एखाद्या पानाचा फोटो पाठव, मला लेखाला हवा आहे. त्याने आनंदाने पाठवला. आजोबांचे मोत्यासारखे अक्षर, वर 'श्री', खाली सन १९५४-५५. तात्यांचे नाव. एकूण भात सहा खंडी. अर्धेल तीन खंडी. बाकी नाही.

मी ते पान दोन-तीनदा पाहिले. मग माझ्यातल्या इतिहासाच्या बाई जाग्या झाल्या. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा. 'कसेल त्याची जमीन' म्हणून तोही मी दरवर्षी शिकवला आहे. त्याच कायद्यात खंडाची मर्यादा घातली होती. जिरायतीला जास्तीत जास्त एक तृतीयांश आणि बागायतीला एक चतुर्थांश. सहा खंडीचे एक तृतीयांश दोन खंडी. आजोबांनी तीन घेतले. पट्टी फिरवून, एका दाण्याची गफलत न करता, तीन.

दादाला परत फोन केला आणि वर्षावर्षाचे आकडे विचारले. १९४९ पासून १९५६ पर्यंत आठ सुगी. पीक कमी-जास्त आहे, पण शेवटचा आकडा प्रत्येक पानावर बरोबर निम्मा आहे. १ एप्रिल १९५७ ला कायद्याने कुळे मालक झाली. त्यानंतरच्या पानांवर तात्यांचे नाव येते ते जमिनीच्या किमतीचे हप्ते भरल्याबद्दल. तेही बाकी नाही.

दादा म्हणाला, "त्या काळी सगळेच घेत होते. आणि तात्या कधी तक्रार करायला गेले का?" मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, "हे लिहू नकोस." म्हणून दुसऱ्यांदा थांबवला.

दादा, तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. आजोबा वाईट होते असेही मला म्हणता येत नाही. शाळा त्यांनीच दिली. पण परक्याच्या किल्ल्यात उभे राहून मला त्या सरदाराचा हिशेब इतका स्पष्ट दिसत होता, देश एक केला पण निम्मे सोडले नाही असे मी जावयांना ठणकावून सांगत होते, आणि माळ्यावरची पेटी मी पंचाहत्तर वर्षांत उघडली नव्हती. आठ वर्षांत मिळून किती खंडी जास्त झाले याची बेरीज मी केली आहे. इथे लिहीत नाही, वह्या तुझ्याकडे आहेत, तूही कर.

तात्यांची मुलगी गावातच आहे. तिच्या नातीचे लग्न डिसेंबरात आहे आणि आम्हाला बोलावणे आले आहे. मी जाणार आहे. ब्रोलिओची ती तेलाची बाटली अजून उघडलेली नाही, ती बरोबर नेईन. पानाचा फोटोही छापून घेतला आहे. तो दाखवायचा की नाही हे मात्र अजून ठरत नाही.